संतति न होण्याचीं कारणें: स्त्रीकडील व पुरुषाकडील

आमच्या मासिकांत बीं-बियाणें, खतें, पाणी, जनावरें व बाजारभाव यांविषयींचे लेख नेहमीं येतात. त्यांच्या पंक्तींत हा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या घरीं मूल नसणें ही केवळ दोघांच्या खाजगी दुःखाची गोष्ट राहत नाहीं. वारसाचा प्रश्न उभा राहतो, भाऊबंदांत कुजबूज सुरू होते, जमिनीच्या वाटणीचें बोलणें निघतें, आणि शेवटीं सारा बोल घरच्या सुनेवर येऊन पडतो. नवससायास, गंडेदोरे व मांत्रिकाचे फेरे यांत चार-सहा वर्षें निघून जातात. मग दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. ह्या सर्व काळांत घरच्या कर्त्या मुलाची मात्र एकदांहि तपासणी झालेली नसते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी शेतीच्या कामीं जी चौकस बुद्धि वापरतो, तीच त्यानें ह्या कामीं वापरली तर पुष्कळ दुःख, पैसा व वेळ वांचेल अशी आमची खात्री आहे. म्हणून हा लेख लिहीत आहों. ज्यांच्या घरीं हा प्रश्न नाहीं त्यांनींहि तो वाचावा. कारण बोल लावणारे बहुधा शेजारचे व भावकींतलेच असतात.

सोयाबीन उगवलें नाहीं तर आपण काय करतों? एकट्या जमिनीस दोष देऊन स्वस्थ बसत नाहीं. बियाण्याची उगवणशक्ति किती होती, पेरणीच्या वेळीं वाफसा होता कीं नाहीं, बीं किती खोल पडलें, हें सर्व पाहतों. जाणता शेतकरी तर पेरणीपूर्वींच ओल्या गोणपाटांत शंभर दाणे ठेवून किती उगवतात तें मोजतो, आणि सत्तरांहून कमी उगवले तर सावध होतो. देवणी किंवा लाल कंधारी गाय दोन-तीन वेळां उलटली तर गाईबरोबर वळूचीहि चौकशी होते. कारण एक निकामी वळू गांवच्या किती तरी गाई भाकड ठेवूं शकतो हें आपणांस ठाऊक आहे. मग माणसाच्याच बाबतींत एकट्या स्त्रीची परीक्षा कां व्हावी?

जुनी उपमा व खरी वस्तुस्थिति

पुरुष हा बीज देणारा व स्त्री ही क्षेत्र, ही उपमा आपल्याकडे फार जुनी आहे. ती अपुरी आहे. सन १६७७ मध्यें हॉलंडांतील लेव्हेनहूक ह्या गृहस्थानें स्वतः घासलेल्या भिंगांतून पुरुषाच्या वीर्यांतील हालते शुक्रजंतु पाहिले. सन १८२७ मध्यें फॉन बेअर ह्या शास्त्रज्ञानें सस्तन प्राण्यांच्या मादीचें बीज दाखवून दिलें. पुढें १८७६ सालीं हर्टविग ह्यानें समुद्रांतील एका प्राण्याच्या अंड्यांत नर व मादी या दोघांचें बीज एकत्र मिळतें हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. तेव्हां स्त्री ही केवळ क्षेत्र नव्हे. अर्धें बीज तिचें, शिवाय क्षेत्रहि तिचेंच.

म्हणून खरी तुलना बीं व जमीन यांची नसून मक्याच्या तुऱ्याची व कणसाची आहे. तुऱ्यांतून पराग उडतो, कणसाच्या रेशमासारख्या तंतूंवर पडतो, आणि ज्या तंतूस पराग मिळत नाहीं तेथें दाणा भरत नाहीं. कणीस विरळ भरलें तर दोष तुऱ्याचा असूं शकतो, कणसाचा असूं शकतो, अथवा त्या दिवसांतील उष्णतेचाहि असूं शकतो. नुसतें कणीस हातांत घेऊन तें सांगतां येत नाहीं.

वंध्यत्व केव्हां म्हणावें

पति-पत्नी एकत्र राहत असतां, संततिनियमनाचा कोणताहि उपाय न करितां, बारा महिन्यांत गर्भ राहिला नाहीं तर वैद्यकांत त्यास वंध्यत्व म्हणतात. निरोगी व तरुण जोडप्यासहि दर महिन्यास गर्भ राहण्याचा संभव चार-पांचांत एक इतकाच असतो. वर्षभरांत शंभरांपैकीं ऐंशी-पंचाऐंशी जोडप्यांस यश येतें. तेव्हां लग्नास चार महिने झाले नाहींत तोंच सुनेस टोचून बोलणें हें अज्ञान होय. आणि चार वर्षें झालीं तरी डॉक्टरांकडे न जाणें हेंहि अज्ञानच होय. स्त्रीचें वय पस्तिशीच्या पुढें असेल तर वर्षभर न थांबतां सहा महिन्यांनींच तपासणीस जावें.

हें दुःख विरळा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारे सहा माणसांत एकास आयुष्यांत केव्हां तरी हा अनुभव येतो. एक मूल झाल्यावर दुसरें न होणें हाहि त्याचाच प्रकार आहे.

कारणांची स्थूल वांटणी अशी दिसते: कांहीं जोडप्यांत दोष केवळ स्त्रीकडे, कांहींत केवळ पुरुषाकडे, कांहींत दोघांकडे, आणि थोड्यांत सर्व तपासण्या करूनहि कारण सांपडत नाहीं. सर्व मिळून पाहतां सुमारें निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा कांहीं ना कांहीं भाग असतो. पुरुष अंगानें धडधाकट आहे, कुस्ती खेळतो, संसारसुख देतो, एवढ्यावरून त्याचें बीज चांगलें आहे असें ठरत नाहीं. वीर्य दिसण्यांत चांगलें असूनहि त्यांत शुक्रजंतु मुळींच नसणें शक्य आहे. तें सूक्ष्मदर्शकाखालींच कळतें.

योग्य दिवस

गाय माजावर आली कीं हंबरते, सोट टाकते. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं भरवावी हें आपणांस ठाऊक आहे. स्त्रीमध्यें अशीं उघड चिन्हें नसतात. पुढील पाळी येण्याच्या सुमारें चौदा दिवस आधीं स्त्रीबीज बाहेर पडतें व तें जेमतेम एक दिवस टिकतें. शुक्रजंतु स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जगूं शकतात. म्हणून स्त्रीबीज सुटण्याचा दिवस व त्याच्या आधींचे पांच दिवस हा महिन्यांतला वाफसा समजावा. पाळी अठ्ठावीस दिवसांनीं येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या ते पंधराव्या दिवसांच्या सुमारास तो असतो. पाळी लांबत असेल तर तो पुढें सरकतो.

आपल्या भागांतील किती तरी तरुण पुण्या-मुंबईस किंवा हैदराबादेस कामाला असतात आणि सणावारालाच घरीं येतात. कांहीं ऊसतोडीला जातात, व कित्येकदां नवराबायकोंपैकीं एकच जातो. अशा घरीं मूल न होण्याचें कारण कधीं कधीं एवढेंच असतें कीं दोघांची गांठ योग्य दिवसांत पडतच नाहीं. औषधावर पैसा खर्च करण्यापूर्वीं हा हिशेब पाहावा.

पुरुषाकडील कारणें

शुक्रजंतु वृषणांत तयार होतात. त्यांस शरीराच्या उष्णतेपेक्षां दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. म्हणूनच वृषण निसर्गानें शरीराबाहेर ठेवले आहेत. लहानपणीं एखादा वृषण खालीं उतरला नसेल तर तो पोटाच्या उष्णतेंत राहून निकामी होऊं लागतो. मुलगा सहा महिन्यांचा झाला तरी वृषण जागेवर नसेल तर डॉक्टरांस दाखवावें व वर्षा-दीड वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करून घ्यावी. ही गोष्ट घरांतील स्त्रियांनीं न्हाऊं घालतांना पाहण्यासारखी आहे.

वृषणाच्या शिरा फुगून त्यांचा गुंता होणें हें पुरुषांतील सर्वांत अधिक आढळणारें व सुधारतां येण्यासारखें कारण आहे. तो गुंता बहुधा डाव्या बाजूस असतो, दुखतोच असें नाहीं, व पुष्कळांस तो आहे हें माहीतहि नसतें. वयांत आल्यावर गालफुगी होऊन वृषणास सूज आली असेल, परमा किंवा तत्सम गुप्तरोग होऊन शुक्रजंतूंची वाट बुजली असेल, अथवा मधुमेह व अतिस्थूलता असेल, तर त्यांचाहि परिणाम होतो. जोराचा ताप येऊन गेल्यावर कांहीं आठवडे शुक्रजंतु कमी होतात. ते पुढें आपोआप वाढतात.

तंबाखू, विडी व दारू यांचा दोष आम्ही वेगळा सांगतों, कारण तो आपल्या हातचा आहे. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. तरी तोंडांत तंबाखूचा बार धरून नांगर धरणारे हात अजून पुष्कळ आहेत. तंबाखूनें शुक्रजंतूंची संख्या व चाल दोन्ही कमी होतात. तालमींत किंवा व्यायामशाळेंत शरीर झपाट्यानें भरावें म्हणून कांहीं तरुण पुरुषी रसाचीं इंजेक्शनें घेतात. त्यांनीं दंड फुगतात, पण वृषण आपलें काम थांबवतात आणि वीर्यांत शुक्रजंतु उरत नाहींत. पैलवान मुलाच्या बापानें हें ध्यानांत ठेवावें.

शेतकऱ्याच्या धंद्यांतील धोका फवारणीचा आहे. सन १९७७ मध्यें अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील लॅथ्रॉप येथें जमिनींतील सूत्रकृमि मारण्याचें डीबीसीपी नांवाचें औषध तयार करणाऱ्या एका कारखान्यांतील कामगारांच्या आपसांतील बोलण्यांत असें आलें कीं आपल्यापैकीं फारच थोड्यांस अलीकडे मुलें होत आहेत. तपासणी झाली तेव्हां कित्येकांच्या वीर्यांत शुक्रजंतु अत्यंत कमी आढळले, तर कांहींच्या वीर्यांत एकहि आढळला नाहीं. मध्य अमेरिकेंतील केळीच्या बागांत तेंच औषध वापरणाऱ्या मजुरांचीहि तीच गत झाली. सन १९७९ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें त्याचा बहुतेक सर्व वापर बंद केला. ह्या माणसांस दुसरा कांहीं आजार दिसत नव्हता; ते कामावर जात होते, खात-पीत होते. हाच त्यांतला मुद्दा आहे.

आपण कपाशीवर व तुरीवर फवारतों तीं औषधें तींच नव्हेत हें खरें. परंतु आजच्या कीटकनाशकांपैकीं कांहींचा शुक्रजंतूंवर अनिष्ट परिणाम होतो असें अनेक अभ्यासांत दिसून आलें आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. औषध अंगांत किती सहज शिरतें हें त्यावरून दिसतें. म्हणून वाऱ्याच्या दिशेस तोंड करून फवारूं नये. हातमोजे, तोंडावर फडकें व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. गळका पंप पाठीस लावूं नये, कारण त्याचें पाणी कमरेवरून खालीं उतरतें. फवारणीनंतर साबणानें स्नान करावें, आणि ते कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत. गर्भाची अपेक्षा असलेल्या स्त्रीनें औषध कालविण्याचें काम करूं नये.

एक समाधानाची गोष्ट अशी कीं शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात, म्हणजे मुगाच्या पिकाइतकाच काळ. आज तंबाखू सोडली, फवारणींत काळजी घेतली, तर त्याचें फळ तीन महिन्यांनंतरच्या तपासणींत दिसण्याचा संभव असतो. पहिल्या तपासणींत संख्या कमी आली म्हणून खचून जाऊं नये. ती तपासणी पुन्हां करावी.

स्त्रीकडील कारणें

पहिलें कारण स्त्रीबीज वेळेवर न सुटणें. ज्या स्त्रीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाहीं, तिच्यांत हें बहुधा असतें. बीजकोशांत बारीक बारीक फोड दिसणें, वजन वाढणें, अंगावर केस येणें हीं लक्षणें एकत्र असलीं तर वजन थोडें उतरविल्यानेंहि पाळी रुळावर येऊं शकते. गळ्यांतील ग्रंथीचा म्हणजे थायरॉईडचा बिघाड साध्या रक्ततपासणीनें कळतो व रोजच्या गोळीनें आटोक्यांत राहतो.

दुसरें कारण बीजवाहक नलिका बुजणें. ह्या दोन नलिका फार बारीक असतात व त्यांतच बीजांचा संगम होतो. अस्वच्छ बाळंतपण, अडाणी हातांनीं केलेला गर्भपात, किंवा नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग यांमुळें आंत सूज येऊन त्या बुजतात. नवरा औषध घेऊन बरा होतो, बायकोस कोणी विचारीत नाहीं, आणि पुढें वांझ म्हणून बोल तिलाच लागतो. आपल्या देशांत ह्या नलिकांस क्षयहि होतो. क्षय फुप्फुसांतून रक्तावाटे तेथें जातो. खोकला नसतो, ताप नसतो, कधीं कधीं पाळी थोडी कमी होते एवढेंच. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें व सहा महिन्यांच्या उपचारानें रोग बरा होतो. परंतु बुजलेली नलिका त्यानें पुन्हां उघडेलच असें नाहीं. म्हणून घरांत कोणास क्षय झाला असेल तर सर्वांनींच वेळीं तपासून घ्यावें.

गर्भपिशवींतील गांठी व पाळीच्या वेळीं असह्य वेदना देणारा, पिशवीचें अस्तर बाहेर वाढण्याचा रोग हींहि कारणें आहेत. पाळींत थोडें दुखणें स्वाभाविक असतें. पण ज्या मुलीस दर महिन्यास अंथरुणास खिळावें लागतें तिचें दुखणें नखरा समजूं नये.

तंबाखूची मिश्री दांतांस लावण्याची संवय आपल्या बायकांत पुष्कळ आहे. ती केवळ दांतांपुरती राहत नाहीं. तंबाखू हिरड्यांतून रक्तांत जाते. पुरुषाच्या तंबाखूस जो नियम, तोच मिश्रीस.

वयाचें कारण सर्वांत कठोर आहे. मुलगी जन्मतांनाच आपलीं सर्व स्त्रीबीजें घेऊन येते. नवीं तयार होत नाहींत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुण झपाट्यानें उतरतात. म्हणून नवसांत गेलेलीं सहा वर्षें परत मिळत नाहींत. उलट बाजूस, अठरा वर्षें पुरीं होण्याआधीं मुलीचें लग्न लावणें हा कायद्यानें गुन्हा तर आहेच. शिवाय कोवळ्या वयांतील अवघड बाळंतपणानें पिशवीस इजा व सूज येऊन पुढचीं मुलें होणें बंद पडूं शकतें.

येथें एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बीड जिल्ह्यांत ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या लहान वयांत काढल्या जात असल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें. सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरें जाणें किंवा पाळीचा त्रास यांस औषध असतें. पिशवी काढल्यावर मात्र मूल होण्याची वाट कायमची बंद होते. ‘पिशवी खराब झाली, काढून टाका’ असें एका डॉक्टरानें म्हटलें तर सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टराचें मत घेतल्यावांचून संमति देऊं नये.

किल्लारीची आठवण

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर ह्या परिसरांत भूकंप झाला आणि हजारों माणसें मातीच्या ढिगाऱ्यांखालीं गेलीं. कित्येक आया वांचल्या, मुलें गेलीं. त्यांतील बऱ्याच स्त्रियांचें कुटुंबनियोजनाचें ऑपरेशन पूर्वींच झालेलें होतें. अशा कांहीं स्त्रियांच्या नलिका पुन्हां जोडण्याच्या शस्त्रक्रिया करण्यांत आल्या. त्या काळानें आपल्या भागास दोन गोष्टी शिकविल्या: बांधलेली नलिका पुन्हां जोडतां येते, परंतु यश हें स्त्रीच्या वयावर व उरलेल्या नलिकेच्या लांबीवर अवलंबून असतें, आणि मूल नसलेल्या आईचें दुःख हें सर्व गांवाचें दुःख मानलें तर कोणी तिला बोल लावीत नाहीं. त्या वेळीं कोणी त्या स्त्रियांस अपशकुनी म्हटलें नाहीं. मग इतर वेळीं कां म्हणावें?

तपासणीचा क्रम

सर्वांत आधीं पुरुषाच्या वीर्याची तपासणी करावी. ती स्वस्त आहे, वेदनारहित आहे, व एका दिवसांत होते. त्यापूर्वीं दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाप्रमाणें एका मिलिलिटरांत शुक्रजंतु निदान एक कोटी साठ लाख, आणि शंभरांपैकीं बेचाळीस तरी हालते असावेत. ह्याहून कमी आले म्हणजे मूल होणारच नाहीं असें नव्हे, पण डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे असें समजावें.

त्याबरोबरच स्त्रीची रक्ततपासणी व सोनोग्राफी करून बीज सुटतें कीं नाहीं तें पाहतात. मग नलिकांत औषध सोडून क्ष-किरणानें त्या मोकळ्या आहेत कीं बुजल्या तें पाहतात. पुरुषाची तपासणी न करितां स्त्रीवर शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या ठिकाणाहून उठून यावें. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ह्या दोन्ही ठिकाणीं स्त्रीरोग विभाग आहेत. आरंभ तेथून करावा.

साध्या उपायांनीं न साधलें तर शरीराबाहेर बीजांचा संगम घडवून गर्भ पिशवींत ठेवण्याची रीति आहे. तिनें जगांतील पहिलें मूल इंग्लंडांत २५ जुलै १९७८ रोजीं जन्मलें, व त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नानें दुसरें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजीं हर्षा ही मुलगी जन्मली. आज अशीं केंद्रें जिल्ह्याच्या गांवींहि निघालीं आहेत. हा उपचार खर्चाचा आहे व एका खेपेस यश येईलच अशी हमी कोणीहि देऊं शकत नाहीं. हमी देणारा, किंवा मुलगाच होईल असें सांगणारा, हा फसविणारा समजावा. गर्भाचें लिंग निवडणें कायद्यानें गुन्हा आहे. सन २०२१ च्या कायद्याप्रमाणें अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. ती पाहिल्यावांचून पैसे भरूं नयेत, आणि जमीन गहाण टाकून तर कदापि भरूं नयेत.

सर्व उपाय थकले तर दत्तक हा मार्ग आपल्याकडे नवा नाहीं. आतां तो कायद्यानें, सरकारी नोंदणीनें व मुलगा-मुलगी असा भेद न करितां घेतां येतो.

शेवटची विनंति

मराठींत ह्या विषयावर उघड बोलण्याचें धैर्य र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून दाखविलें. त्यास शंभर वर्षें होत आलीं, तरी आमच्या पारावर अजून हा विषय निघाला कीं पुरुष मान खालीं घालतात व घरांत बायका सुनेकडे पाहतात. आमची सासूबाईंस विनंति आहे कीं सुनेस देवऋषीकडे नेण्यापूर्वीं मुलास प्रयोगशाळेंत पाठवावें. सासऱ्यांस विनंति आहे कीं दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढूं नये. पहिली पत्नी असतां दुसरें लग्न हिंदु कायद्यांत १९५५ पासून अवैध आहे, आणि दोष मुलाकडे असेल तर दुसरी सूनहि तशीच राहील. आणि तरुण शेतकऱ्यांस विनंति आहे कीं बायकोच्या आधीं आपण स्वतः तपासणीस जावें.

पेरणीपूर्वीं शंभर दाणे गोणपाटांत घालून पाहण्यांत कोणास लाज वाटत नाहीं. त्यानें शेतकऱ्याची अब्रू जात नाहीं. उलट त्याला जाणता म्हणतात. ह्या कामींहि तोच शहाणपणा दाखवावा.